पारितोषिक घ्या; बोलू मात्र नका!

पारितोषिक-वितरणाचे समारंभ जगात सर्वत्र एकाच ठशाचे असतात. दिव्यांचा झगझगाट, उंची वस्त्रे, आईवडिलांचे व परमेश्वराचे आभार, टाळ्या आणि पुन्हा आभार! दुसऱ्या दिवशी त्यांतले एकही वाक्य कोणाच्या स्मरणात राहत नाही. परंतु २ मार्च २०२५ रोजी लॉस एंजेलिस येथील ऑस्कर समारंभात उच्चारली गेलेली काही वाक्ये मात्र याला अपवाद ठरली आहेत. त्या रात्री 'नो अदर लँड' या अनुबोधपटास पारितोषिक मिळाले. जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावरील इस्रायलव्याप्त प्रदेशात मसाफर यट्टा नावाचा खेड्यांचा एक पुंजका आहे. तेथील घरे लष्कराच्या देखरेखीखाली कशी पाडली जातात, याचे चित्रण दोन पॅलेस्टिनी व दोन इस्रायली तरुणांनी मिळून केले. पारितोषिक घेताना बासेल अद्रा यांनी सांगितले की, आपणांस नुकतीच कन्या झाली आहे, आणि आपल्या वाट्यास आलेले जिणे तिच्या वाट्यास येऊ नये एवढीच आपली इच्छा आहे. त्यांचे इस्रायली सहकारी युवाल अब्राहाम म्हणाले की, मला मुलकी कायदा लागू आहे व माझ्या मित्राला लष्करी. गाझातील संहार थांबावा आणि इस्रायली ओलिसांची सुटका व्हावी, अशी मागणी त्यांनी एकाच दमात केली, आणि अमेरिकेचे परराष्ट्रधोरण शांततेच्या मार्गात आडवे येत आहे हेही यजमानांना त्यांच्याच घरात सुनावले.

यावर नेहमीचा प्रश्न लगेच पुढे आला. चित्रपटाच्या पारितोषिकाचा मंच हे राजकारण बोलण्याचे ठिकाण आहे काय? हा प्रश्न विचारणारे सगळेच लबाड असतात असे आम्ही म्हणणार नाही. नटाने नटाचे काम करावे, प्रेक्षक करमणुकीसाठी बसला आहे, त्याच्या गळी मते उतरवू नयेत, आणि चांगला अभिनय करता येतो म्हणून राज्यकारभारही कळतो असे मुळीच नाही, हा त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता निरुत्तर करणारा आहे. तो आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही. पण तो सर्वांना सारखा लावला जातो काय, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण नियमाची परीक्षा त्याच्या शब्दांवरून होत नसून त्याच्या अंमलावरून होते.

येथे आम्हांस आमचाच एक जुना अनुभव आठवतो. लेखणी हाती धरण्यापूर्वी काही वर्षे आम्ही खडू हाती धरला होता. आमच्या शाळेच्या बक्षीससमारंभास एकदा गावातील एक पुढारी अध्यक्ष म्हणून आले होते. त्यांनी चाळीस मिनिटे भाषण केले. त्यात स्वतःच्या कार्याची, पक्षाची व पक्षश्रेष्ठींची यथास्थित वाखाणणी केली, आणि येत्या निवडणुकीचीही आठवण मुलांकरवी त्यांच्या आईबापांस करून दिली. कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. वक्तृत्वाचे पहिले बक्षीस मिळवलेल्या मुलाकडे आभाराचे काम होते. त्याने आभार मानले आणि शेवटी नम्रपणे म्हटले, ''शाळेच्या टाकीला महिनाभर पाणी नाही, तेवढे साहेबांनी पाहावे.'' सभागृह चपापले. दुसऱ्या दिवशी त्या मुलास कचेरीत बोलावून समज देण्यात आली की, शाळेत राजकारण आणू नये! चाळीस मिनिटांची स्तुती हा शिष्टाचार ठरला आणि पाण्याविषयीचे एक वाक्य हे राजकारण ठरले. आम्ही सारे शिक्षक त्या वेळी मुकाट्याने उभे होतो. त्या मौनाची रुखरुख आम्हांस आजही आहे, आणि पुढील विवेचनास तिचाही आधार आहे.

ऑस्करच्या समारंभात राजकारण अलीकडे शिरले, पूर्वी ते पवित्र कलामंदिर होते, असा जो समज आहे तो इतिहासाला धरून नाही. ही पारितोषिके देणारी अकादमी १९२७ साली स्थापन झाली, ती चित्रनिर्माते लुई मेयर यांच्या पुढाकाराने; आणि चित्रव्यवसायातील कामगार-संघटनांना शह देणे हा तिच्या स्थापनेमागील एक हेतू होता. म्हणूनच १९३६ साली 'द इन्फॉर्मर'चे पटकथाकार डडली निकल्स यांनी लेखकसंघाच्या लढ्याखातर पारितोषिक नाकारले. १९४० साली 'गॉन विथ द विंड'मधील कामाबद्दल हॅटी मॅकडॅनिएल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीस पारितोषिक मिळाले; परंतु त्या समारंभात तिला इतर सहकलाकारांसमवेत बसू न देता भिंतीजवळच्या निराळ्या टेबलापाशी बसविण्यात आले होते. त्या रात्री तिने व्यासपीठावरून राजकारणाचा एक शब्दही काढला नाही. पण ती मांडलेली टेबले काय बोलत होती?

पुढे १९५७ साली तर अकादमीने आपल्या नियमावलीतच राजकारण घातले. साम्यवादाच्या संशयाने माणसे हुडकणाऱ्या संसदीय समितीपुढे उत्तरे देण्यास जे नकार देतील, त्यांना पारितोषिकास अपात्र ठरविणारा नियम तिने केला. दैवाचा विनोद असा की, त्याच वर्षी 'द ब्रेव्ह वन' या चित्रपटाच्या कथेचे पारितोषिक रॉबर्ट रिच नामक लेखकास मिळाले आणि ते घेण्यास तो लेखक काही पुढे येईना. कारण त्या नावाचा लेखक अस्तित्वातच नव्हता. टोपणनावामागे होते डाल्टन ट्रंबो. त्याच समितीपुढे उत्तरे देण्याचे नाकारून तुरुंगवास भोगलेले आणि चित्रव्यवसायाने बहिष्कृत केलेले! १९५९ साली तो नियम रद्द झाला. ट्रंबो यांच्या हाती ते मानचिन्ह पडण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले. ज्या संस्थेने माणसाच्या राजकीय मतांवरून त्याचे नाव पुसले, तिने कलावंतांना 'येथे राजकारण नको' असे बजावावे, हा अधिकार तिला कोठून प्राप्त झाला?

मग आली २७ मार्च १९७३ ची रात्र. 'गॉडफादर'मधील भूमिकेबद्दल मार्लन ब्रँडो यांचे नाव पुकारले गेले, आणि मंचावर चढली ती सशीन लिटलफेदर नावाची तरुणी. ब्रँडो यांनी पंधरा पृष्ठांचे निवेदन लिहून दिले होते. पण एका मिनिटाहून अधिक बोलल्यास अटक होईल, अशी ताकीद तिला पडद्यामागे मिळाली होती. तिने मानचिन्हाला हातही लावला नाही. अमेरिकन चित्रपटांनी तेथील मूळ रहिवाशांचे जे विकृत चित्र रंगविले, त्याच्या निषेधार्थ ब्रँडो हे पारितोषिक स्वीकारू शकत नाहीत, असे तिने अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले. त्याच वेळी दक्षिण डकोटातील वूंडेड नी या गावी त्या रहिवाशांच्या चळवळीतील लोकांस सशस्त्र सरकारी दलांनी वेढा घातलेला होता. सभागृहात काहींनी टाळ्या वाजविल्या, काहींनी हुर्यो उडविली. त्यानंतर लिटलफेदर हिला चित्रपटांत काम मिळणे दुरापास्त झाले. अकादमीने तिची क्षमा मागितली ती २०२२ साली, म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी! त्यानंतर काही आठवड्यांतच ती निवर्तली. तिच्या मृत्यूनंतर तिच्या बहिणींनीच तिचा मूळ रहिवासी वंशाचा दावा खोडून काढला, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यामुळे तिच्याविषयीचे आमचे मत थोडे गुंतागुंतीचे होईल. वूंडेड नीचा वेढा मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही.

१९७५ साली व्हिएतनाम युद्धावरील 'हार्ट्स अँड माइंड्स'चे निर्माते बर्ट श्नायडर यांनी व्हिएतकाँगच्या शिष्टमंडळाची तार मंचावरून वाचून दाखविली. तेव्हा बॉब होप यांच्या आग्रहावरून फ्रँक सिनात्रा यांनी त्याच मंचावर येऊन, अकादमीचा या वक्तव्याशी संबंध नाही, असा खुलासा वाचला. श्नायडर यांचे वाचन हे राजकारण; मग सिनात्रांचे वाचन हे काय होते? २००३ साली इराकवरील आक्रमण सुरू होऊन अवघे तीन दिवस झाले असता मायकेल मूर यांनी हे युद्ध खोट्या सबबींवर चालले आहे असे सांगितले. वाद्यवृंदाच्या सुरांत व ओरड्यात त्यांचा आवाज बुडाला. ज्या संहारक अस्त्रांसाठी ते युद्ध पुकारले होते, ती अस्त्रे इराकमध्ये सापडली नाहीत. ज्यांनी त्या रात्री मूर यांच्या असभ्यतेचा निषेध केला, त्यांपैकी किती जणांनी त्या असत्याचा तितकाच निषेध केला?

याचा अर्थ मंचावरचे प्रत्येक राजकीय वाक्य शिरोधार्य मानावे असा नव्हे. १९७८ साली व्हॅनेसा रेडग्रेव्ह यांनी 'ज्युलिया'चे पारितोषिक घेताना आपल्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्या ज्यूंच्या एका जहाल संघटनेस उद्देशून गुंडगिरीचा शब्द वापरला. आणि त्याच समारंभात लेखक पॅडी चायेफ्स्की यांनी, पारितोषिक मिळणे हा काही इतिहासाला कलाटणी देणारा क्षण नव्हे, साधे आभार पुरले असते, असा टोला त्यांस लगावला. चायेफ्स्की यांच्या बोलण्यात तथ्य होते. टाळ्यांच्या लोभाने बोलणारे, ज्या प्रश्नाचे नाव काल ऐकले त्यावर आज अश्रू ढाळणारे, कोटावर फीत लावून कर्तव्यातून मोकळे होणारे नटनट्या आम्हीही पाहिल्या आहेत. त्यांचे शब्द समारंभाबरोबरच विझतात व त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु रेडग्रेव्ह यांचे शब्द तसे नव्हते. त्यांनी आधी पॅलेस्टिनी प्रश्नावर अनुबोधपट काढला होता, आणि पुढे १९८२ साली बॉस्टनच्या विख्यात वाद्यवृंदाने त्यांचे ठरलेले कार्यक्रम रद्द केले तेव्हा न्यायालयात जाऊन त्या लढल्या. बोलणाऱ्यास विषयाची माहिती आहे काय, आणि त्या बोलण्याची किंमत मोजण्याची त्याची तयारी आहे काय, एवढे दोनच निकष आम्ही लावतो. मत पटते की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

या निकषांवर 'नो अदर लँड'चे निर्माते पुरेपूर उतरतात. पारितोषिकानंतर तीन आठवड्यांनी, २४ मार्च २०२५ रोजी, त्यांतील एक सहदिग्दर्शक हमदान बल्लाल यांच्यावर त्यांच्या गावी ज्यू वसाहतवाल्यांनी हल्ला केला, आणि लष्कराने जखमी बल्लाल यांनाच ताब्यात घेऊन रात्रभर अडकवून ठेवले. अकादमीने यावर काढलेल्या पत्रकात ना त्यांचे नाव होते, ना त्यांच्या चित्रपटाचे! सहाशेंहून अधिक सभासदांनी सह्या करून याबद्दल जाब विचारला तेव्हा कोठे अकादमीने क्षमायाचना केली. त्याच वर्षी जुलै महिन्यात, या चित्रपटास साहाय्य केलेला त्या भागातील एक शाळाशिक्षक गोळी लागून मृत्युमुखी पडला. ज्यांना हे शब्द 'समारंभाचा रसभंग' वाटले, त्यांनी क्षणभर त्या खेड्यातील शाळा डोळ्यांपुढे आणावी.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईत भरणारे चित्रपट-समारंभ अमेरिकेच्या मानाने फार शांत असतात, आणि या शांततेचे पुष्कळांना कौतुक वाटते. आम्हांस ते वाटत नाही. कारण ती शांतता रुचीतून आलेली नसून भयातून आलेली आहे. या भयाची कारणे उघड आहेत. चित्रपटास केंद्राच्या मंडळाचे प्रमाणपत्र लागते, प्रदर्शनाच्या दिवशी चित्रगृहाबाहेर राज्याचे पोलीस लागतात, आणि आता तर समारंभासही शासनाचा हात लागतो. २०२४ साली फिल्मफेअरचा सोहळा गांधीनगर येथे झाला तो गुजरातच्या पर्यटन महामंडळाच्या साह्याने. ज्याच्या पंगतीस बसावयाचे त्याच्या स्वयंपाकास नावे कोण ठेवणार?

बोलणाऱ्यांचे काय होते, हेही सर्वांना ठाऊक आहे. १९७६ साली, आणीबाणीत, शासनाच्या प्रचारास सहकार्य न केल्यामुळे किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद झाली. २००६ साली आमीर खान यांनी नर्मदेच्या विस्थापितांची बाजू घेतली, तेव्हा त्यांचा 'फना' गुजरातेत चित्रगृहांनी लावला नाही. २०१० साली पाकिस्तानी क्रिकेटपटूंविषयीच्या एका वाक्यावरून शाहरुख खान यांच्या 'माय नेम इज खान'विरुद्ध शिवसेनेने मुंबईत आंदोलन पुकारले. २०२० साली दीपिका पडुकोण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जखमी विद्यार्थ्यांजवळ नुसत्या जाऊन उभ्या राहिल्या, एक शब्दही बोलल्या नाहीत, तरी त्यांच्या 'छपाक'वर बहिष्काराची हाक दिली गेली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या सत्ताधाऱ्यांवर तिखट टीका करणाऱ्या कंगना राणावत यांच्या कचेरीवर मुंबई महानगरपालिकेने हातोडा चालविला, आणि उच्च न्यायालयाने ती कारवाई दुष्ट हेतूची ठरविली. वाचकांनी ही यादी पक्षाचे नाव झाकून पुन्हा वाचावी. काँग्रेस असो, भारतीय जनता पक्ष असो वा शिवसेना, सत्तेवर बसलेल्यास नटाचा आवाज सारखाच टोचतो. आणि या कलावंतांपैकी कोणाची मते आपणांस पटतात व कोणाची नाहीत यावर आपला निषेध अवलंबून असेल, तर तो निषेध नसून निव्वळ पक्षपात आहे.

याउलट २०२१ च्या फेब्रुवारीत काय घडले ते पाहा. शेतकऱ्यांच्या आंदोलनाविषयी रिहाना या परदेशी गायिकेने एक ओळ लिहिली, आणि दुसऱ्याच दिवशी आपले अनेक नामवंत नट व क्रिकेटपटू परराष्ट्र खात्याने पुढे केलेल्या घोषवाक्यांनिशी सरकारच्या बाजूने एका सुरात बोलू लागले. तसे बोलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु 'कलावंतांनी राजकारण करू नये' असे त्या दिवशी कोण म्हणाले? नेहमी हा उपदेश करणारे त्या दिवशी टाळ्या वाजवीत होते. म्हणजे आक्षेप राजकारणाला नव्हताच. तो प्रतिकूल राजकारणाला होता. शाळेतल्या त्या चाळीस मिनिटांचा आणि त्या एका वाक्याचा हाच हिशेब आहे.

महाराष्ट्राला तर कला आणि लोकजीवन यांची ही फारकत कधीच मान्य नव्हती. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली 'श्यामची आई'ला मिळाले. ते चित्र काढणारे आचार्य अत्रे दोनच वर्षांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी 'मराठा' काढून रणात उभे होते, आणि त्यांच्या बरोबरीने अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी मैदाने गाजवीत होती. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असता, त्यांच्या समक्ष बंदिवासातून आजारी होऊन सुटलेल्या जयप्रकाशांच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थनेस सभेला उभे केले. त्याची किंमत त्यांनी पुढे कारावासाने चुकविली. आणि 'गुळाचा गणपती' या चित्रपटाचे कर्ते पु. ल. देशपांडे? युती शासनाने १९९६ सालचा पहिला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार त्यांना दिला, तेव्हा लोकशाहीच्या मार्गाने आलेल्यांच्या तोंडी ठोकशाहीची भाषा शोभत नाही, असे त्यांनी देणाऱ्यांनाच ऐकविले. शिवसेनाप्रमुखांना ते झोंबले व त्यांनी पुलंवर जाहीर तोंडसुख घेतले. आज तीस वर्षांनी त्या समारंभातले दुसरे कोणते वाक्य कोणाला आठवते?

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. बोलण्याचा अधिकार म्हणजे बोलण्याची सक्ती नव्हे. प्रत्येक नटाने प्रत्येक प्रश्नावर जाहीर मत द्यावे, न दिल्यास तो भित्रा, असा जो नवा दंडक काही मंडळी घालू पाहत आहेत, तो आम्हांस तितकाच अमान्य आहे. ज्यास विषय कळत नाही त्याने गप्प राहावे, यात शहाणपण आहे. ज्याच्या शिरावर शेकडो पोटांची जबाबदारी आहे, त्याच्या मौनाकडेही सहानुभूतीने पाहिले पाहिजे. आमचा आग्रह इतकाच की, ते मौन त्याचे स्वतःचे असावे. दुसऱ्याने लादलेले नसावे.

म्हणून आमचे सांगणे नटांपेक्षा इतरांना अधिक आहे. समारंभ भरविणाऱ्या संस्थांनी, मंचावर बोलल्याबद्दल आपण कोणाचेही नाव वगळणार नाही आणि बोललेल्यावर हल्ला झाला तर त्याचे नाव घेऊन निषेध करू, असे आधीच जाहीर करावे. प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट झुंडीच्या धमकीने थांबू देणार नाही, ही जबाबदारी प्रत्येक राज्य शासनाने, आपला पक्ष कोणता याचा विचार न करता, पार पाडावी. आणि प्रेक्षकांनी, म्हणजे आपण सर्वांनी, न पटलेल्या मताला मतानेच उत्तर द्यावे. ते बोलल्याबद्दल माणसाचा रोजगार हिरावून घेऊ नये. यांतले पहिले दोन उपाय इतरांच्या हाती आहेत. तिसरा पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही.

आमच्या शाळेतल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. त्यास पुढच्या वर्षी आभाराचे काम देण्यात आले नाही. टाकीला पाणी मात्र आठ दिवसांत आले.